वास गेला म्हणजे विषारी वायू गेला असे नव्हे

बार्शी तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्या लिहितात, ‘आमच्याकडे सासऱ्यांनी बांधलेला गोबर गॅस आहे. दोन वर्षांपासून गॅस कमी येतो. टाकीत गाळ बसला असेल असे सगळे म्हणतात. मागच्या पंधरवड्यात आमच्या ह्यांनी झाकण काढले. आधी सडक्या अंड्यासारखा असा वास आला की डोके भणभणले. काठावर थोडा वेळ बसल्यावर वास येईनासा झाला. हे म्हणाले, गॅस उडून गेला, आता उतरतो. मी दंडाला धरून मागे ओढले. त्यावरून घरात भांडण झाले. हे म्हणतात, वास गेला म्हणजे गॅस गेला, एवढे पोरालाही कळते. तुम्हीच सांगा, कोणाचे खरे?’

ताई, तुमचे खरे. नुसते खरे नव्हे, त्या दिवशी तुम्ही यजमानांचा जीव वाचवला असण्याचा फार संभव आहे. तो कसा, ते आधी सांगतो. मग माणसाचे नाक जिथे फसते तिथे फसणार नाही असे यांत्रिक नाक करण्याची जी खटपट जगात चालली आहे, तिच्याकडे वळू.

शेण कुजते तेव्हा त्यातून मुख्यतः दोन वायू निघतात. शंभर भागांत पंचावन्न ते पासष्ट भाग मिथेन, तो चुलीत जळतो. उरलेला बहुतेक कार्बन डायॉक्साइड. पण त्यांच्या जोडीला थोडासा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. शेणातल्या गंधकापासून तो होतो. प्रमाण थोडे, पण सगळ्यांत घातक तोच.

किती थोडे, ते धान्याच्या हिशेबाने पाहू. चाळीस किलो गव्हाच्या पोत्यात साधारण दहा लाख दाणे भरतात. हवेचे असे एक पोते आहे आणि त्यात हायड्रोजन सल्फाइडचे काळे दाणे मिसळले आहेत असे समजा. पोत्यात एक काळा दाणा असला तरी आपल्या नाकाला वास कळतो, इतके नाक तीक्ष्ण. पण काळे दाणे शंभराच्या घरात गेले, म्हणजे पोत्यात चिमूटभर झाले, की काही मिनिटांतच नाकातली वास घेणारी शिरच बधिर होते. वास येणे थांबते आणि वायू मात्र तिथेच असतो. काळे दाणे पाचशेच्या वर गेले की माणूस काही मिनिटांत कोसळतो. हजाराच्या घरात गेले, म्हणजे पोत्यात मूठभर झाले, की एकदोन श्वासांतच शुद्ध जाते. ओरडायलाही अवसर मिळत नाही. गोबर गॅसमध्ये हे प्रमाण काही शे ते काही हजार असू शकते.

म्हणून वास नाहीसा होणे ही सुटकेची खूण नसून धोक्याची खूण असू शकते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टाकीतली स्लरी शांत असते तोवर बराचसा वायू तिच्यात अडकून राहतो. माणूस आत उतरून पाय टाकतो, फावड्याने गाळ ढवळतो, त्याबरोबर बुडबुडे फुटून तो एकदम वर येतो. काठावरून बरी वाटणारी जागा आत पाय पडताच बदलते ती अशी.

हे केवळ पुस्तकी ज्ञान नाही. ९ एप्रिल २०२४ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात काय घडले ते पुष्कळांनी वाचले असेल. शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या पडक्या विहिरीत एक मांजर पडले. ते काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. सहा जण उतरले, त्यांतले पाच गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक तेवढा जिवंत निघाला. त्या पाचांत कोणी वेडा नव्हता, निष्काळजीही नव्हता. आपला माणूस आत पडलेला पाहून उडी घेणारी माणसे होती ती. समोरचा वैरी दिसत नव्हता, एवढेच.

न दिसणारा हा वैरी ओळखायला आपल्या वाडवडिलांनी एक युक्ती काढली होती. जुन्या विहिरीत उतरण्याआधी ते कंदील दोराने खाली सोडत. कंदील विझला तर उतरायचे नाही. युक्ती शहाणपणाची होती. हवेत शंभरात एकवीस भाग प्राणवायू असतो, तो सोळा-सतरावर आला की ज्योत विझते. तळाशी कार्बन डायॉक्साइड साचला असेल तर कंदील ते सांगतो. पण हायड्रोजन सल्फाइडचे विष त्याला कळत नाही. मूठभर काळ्या दाण्यांनी ज्योत विझत नाही, माणूस विझतो. आणि गोबर गॅसच्या टाकीत तर कंदील, काडी, विडी कधीच नेऊ नये. हवेत शंभरात पाच ते पंधरा भाग मिथेन असला की ठिणगीने त्याचा भडका उडतो. विहिरीची युक्ती टाकीला लावली तर जिवावर बेतेल.

विलायतेतल्या कोळशाच्या खाणीत कामगार कॅनरी नावाचा छोटा पक्षी पिंजऱ्यातून आत नेत. विषारी वायू असला की माणसाच्या आधी पक्षी गळून पडे. ब्रिटनच्या खाणींत ही चाल १९८६ सालापर्यंत चालू होती. तेव्हा वायू ओळखणारे भरवशाचे यंत्र ही काही सोपी गोष्ट नाही, हे यावरून समजावे.

यंत्राची खरी वाट सापडली ती जपानात. १९६२ साली नाओयोशी तागुची यांनी कथलाच्या ऑक्साइडचा सेन्सर काढला. कथील म्हणजे कल्हईवाला भांड्याला लावतो तो. त्याचा ऑक्साइड म्हणजे एक पांढरी भुकटी. या भुकटीचा मणी करून तो आतल्या तारेने दोनतीनशे अंशांपर्यंत तापवतात. तापलेल्या मण्याला हवेतला प्राणवायू चिकटतो आणि मण्यातले विजेचे कण धरून ठेवतो, त्यामुळे मण्यातून वीज नीट वाहत नाही. जवळ जळणारा वायू आला की तो या प्राणवायूशी जुळून त्याला घेऊन जातो. धरलेले विजेचे कण सुटतात, वीज जोरात वाहू लागते आणि घंटी वाजते. स्वयंपाकघरात सिलिंडरची गळती सांगणारे अलार्म मिळतात, त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात असाच मणी असतो.

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा. मिथेन हलका असतो, त्याचा अलार्म वर, छताजवळ. अलार्म घेऊन चुकीच्या जागी लावला तर तो असून नसल्यासारखा.

कथलाच्या मण्याने फार मोठे काम केले, पण त्याच्या खोडीही आहेत. तो सतत तापता ठेवावा लागतो, म्हणजे विजेचा खर्च. छोट्या बॅटरीवर तो फार दिवस चालत नाही. शिवाय त्याला वायूंतला फरक नीट कळत नाही. सिलिंडरचा गॅस असो की स्पिरिटची वाफ, तो सारखाच ओरडतो. चाळीस किलोच्या पोत्यातला एखाददुसरा काळा दाणा शोधणे हे तर साध्या मण्याच्या आवाक्याबाहेरचे. आणि शेतकऱ्याला हवे आहे ते खिशात मावणारे, बॅटरीवर महिनोन्‌महिने चालणारे आणि नेमका वायू ओळखणारे यंत्र.

इथे कामाला आला कोळसा. आपल्या चुलीतला नव्हे, पण त्याचा सख्खा भाऊ. पेन्सिलीच्या शिशाला आपण शिसे म्हणतो, पण ते असते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच. त्यात कार्बनचे अतिपातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. १९९१ साली जपानचे सुमिओ इजिमा यांनी असे पापुद्रे गुंडाळून झालेल्या पोकळ नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांना नॅनो नळ्या म्हणतात. नॅनो शब्द आता नॅनो युरियामुळे आपल्याही ओळखीचा झाला आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. यांतल्या सर्वांत बारीक नळ्या एकदोन नॅनोमीटर जाडीच्या असतात. पुढे २००४ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी एकच पापुद्रा सुटा करून दाखवला. त्याचे नाव ग्रॅफीन. त्या कामाला २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पापुद्र्यात नवल ते काय? हिशेब करा. एक ग्रॅम ग्रॅफीन पूर्ण उलगडून पसरले आणि दोन्ही बाजू धरल्या तर त्याचा पृष्ठभाग २,६३० चौरस मीटर भरतो, म्हणजे सव्वीस गुंठे! चिमूटभर काळ्या भुकटीत अर्ध्या एकराहून जास्त रान. वायूच्या कणांना येऊन बसायला एवढी जागा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आणि बसलेला कण लगेच कळतो, ते असे. मोठ्या कालव्यात एक ढेकूळ टाकले तर पाण्याला पत्ताही लागत नाही. तेच ढेकूळ शेतातल्या बारीक सरीत टाकले तर पाणी तुंबते. जाड तारेतून वाहणारी वीज म्हणजे कालवा, आणि नॅनो नळीतली वीज म्हणजे सरी. नळीची भिंत एकाच थराची, म्हणून तिच्यावर वायूचे कण बसले की विजेची चाल बदलते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात २००० साली संशोधकांनी दाखवून दिले की अमोनिया आणि नायट्रोजन डायॉक्साइड हे वायू अशी एकच नळी ओळखते, तेही साध्या हवेच्या तापमानाला, न तापवता. तापवण्याचा खर्च वाचला म्हणजे छोटी बॅटरी पुरणार. २००७ साली तर मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी ग्रॅफीनवर वायूचा एकेक रेणू बसताना आणि उठताना मोजला.

पण नुसत्या कार्बनने भागत नाही. मिथेन आणि हायड्रोजन त्याला नीट चिकटत नाहीत. जे चिकटतात त्यांतला कोण कोणता, हे त्याला सांगता येत नाही. गुरांच्या बाजारात गर्दी पुष्कळ असते, पण बैलाचा दात पाहून वय सांगणारा जाणता एखादाच. तसा जाणता कार्बनच्या शेजारी बसवावा लागतो. तो जाणता म्हणजे धातूचा अतिसूक्ष्म कण.

धातूंच्या आवडीनिवडी ठरलेल्या असतात. घरातले चांदीचे पैंजण काही महिन्यांत काळे पडतात ते का? हवेत नावाला असलेल्या गंधकाच्या वायूशी चांदीचा संग होतो आणि वर काळा थर धरतो. सोने काळे पडत नाही, पण अतिसूक्ष्म कणांच्या रूपात गंधक त्यालाही येऊन बिलगते. म्हणजे आपल्या टाकीतला वैरी ओळखायला सोन्याचे कण चांगले. पॅलेडियम नावाचा महागडा धातू हायड्रोजन वायू असा शोषतो की स्वतःच्या आकाराच्या कित्येक शे पट पिऊन टाकतो. ही गोष्ट टॉमस ग्रॅहम यांनी एकोणिसाव्या शतकातच पाहिली होती. म्हणजे हायड्रोजनसाठी पॅलेडियम.

कण इतके बारीक कशासाठी? गुळाची ढेप पाण्यात टाकली तर विरघळायला वेळ लागतो, तोच गूळ बारीक चिरून टाकला तर लगेच विरघळतो, कारण पाण्याला भिडणारी बाजू वाढते. साखरेच्या खड्याएवढा, एक सेंटिमीटरचा सोन्याचा ठोकळा घ्या. त्याची बाहेरची बाजू सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे ठोकळे पाडले तर सगळ्यांची बाजू मिळून सहा गुंठ्यांच्या आसपास होते. सोने तेवढेच, काम करणारी बाजू दहा लाख पट. शिवाय लागणारे सोने इतके थोडे की महाग धातूही परवडतो. दागिन्याला मुलामा देतात तशाच विजेच्या रीतीने हे कण नळ्यांवर चढवता येतात.

आता काम कसे चालते ते पाहा. सोन्याच्या कणावर हायड्रोजन सल्फाइड येऊन बसतो. सोने आणि नळी एकमेकांना चिकटलेली असल्याने वायूमुळे सोन्यात झालेला बदल नळीतल्या विजेला कळतो. जाणता ओळखतो आणि कार्बनची तार खबर पोचवते. अशी ही जोडी. २००४ साली अमेरिकेतल्या नासाच्या संशोधकांनी पॅलेडियम बसवलेल्या नळ्यांनी साध्या तापमानाला मिथेन ओळखला, तोही दहा लाख भागांत शंभराहून कमी असताना. २०१० साली कॅलिफोर्नियात सोन्याचे कण बसवलेल्या नळ्यांनी हायड्रोजन सल्फाइड अब्जात काही भाग इतका विरळ असतानाही पकडला. पोत्याच्या हिशेबात सांगायचे तर दहा टनी चार ट्रक गव्हात मोजके काळे दाणे शोधण्यासारखे ते झाले. सोलापूर आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांतही वायूंच्या सेन्सरवर संशोधन झाले आहे.

ही नवी नाके शेतमालालाही कामी येतील. आढीतला एक आंबा पिकला की शेजारचे पिकू लागतात, कारण पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते. २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत तांब्याचे संयुग आणि नॅनो नळ्या एकत्र करून इथिलीन मोजणारा सेन्सर केला गेला. केळीच्या वखारीत किंवा आंब्याच्या पेट्यांत असा सेन्सर आला तर कोणता माल आधी काढायचा, हे हात न लावता कळेल.

एवढे सगळे असताना तालुक्याच्या दुकानात हे यंत्र का मिळत नाही? त्याची कारणेही सांगितली पाहिजेत. पहिले कारण दमट हवा. पाण्याची वाफसुद्धा नळ्यांवर बसते आणि यंत्राचा हिशेब चुकवते. प्रयोगशाळेतल्या कोरड्या हवेत हुशार ठरलेला सेन्सर आपल्या श्रावणात गोंधळतो. दुसरे, बसलेला वायू साध्या तापमानाला लवकर उठत नाही, त्यामुळे एकदा खबर दिल्यावर पुन्हा तयार व्हायला सेन्सरला वेळ लागतो. तिसरे, गंधक काही धातूंना इतके घट्ट धरते की पॅलेडियमसारखा धातू हळूहळू निकामी होतो. आणि चौथे, एका घाण्याच्या नळ्या दुसऱ्या घाण्याशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून हजार यंत्रे एकसारखी करणे अवघड जाते. यावर उपाय म्हणून वेगवेगळ्या धातूंचे चारसहा सेन्सर शेजारी शेजारी बसवून सगळ्यांची साक्ष एकत्र घेण्याची रीत पुढे येत आहे. पंचांसारखेच ते. एक चुकला तरी पाच जण मिळून निकाल बरोबर देतात.

तोवर काय? चार वायू मोजणारी हातातली यंत्रे बाजारात आहेत. ती वेगळ्या, जुन्या रीतीची असतात आणि प्राणवायू, जळणारे वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतात. एकट्या घराला ती महाग पडतात. पण ग्रामपंचायतीने किंवा दूध सोसायटीने गावात एक घेऊन ठेवायला हरकत नाही. गावकीची भांडी लग्नाला नेतो, तसे हे यंत्र टाकीवर न्यावे. ते वेळच्या वेळी तपासून मात्र घेतले पाहिजे. बिघडलेले यंत्र मुकाट बसते, आणि यंत्र मुकाट आहे म्हणून माणूस आत उतरतो. यंत्र नसण्यापेक्षा ते वाईट.

ताई, आता तुमच्या टाकीचे. यजमानांना हे शब्द वाचून दाखवा.

टाकीत कोणी उतरू नये. गाळ बाहेरूनच काढावा, त्यासाठी गाळाचा पंप आणि या कामातला माहीतगार माणूस बोलवावा. तोंडाला ओले फडके किंवा मास्क बांधून वायू अडत नाही. जवळपास विडी, काडी, कंदील नको. उतरणे अटळच असेल तर ते काम हवेचा पुरवठा असलेला मुखवटा घालणाऱ्या शिकलेल्या माणसाचे. त्याआधी टाकीतली हवा मोजली पाहिजे, मोटार तोंडापासून लांब ठेवून पाइपाने आत ताजी हवा सोडली पाहिजे, त्याच्या कमरेला दोर हवा आणि दोराचे टोक धरून वर दोन धट्टेकट्टे गडी हवेत.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट. कोणी आत कोसळलाच तर मागोमाग उडी घेऊ नका. तो भाऊ असो, मुलगा असो. दोर असेल तर वरून ओढा, ११२ ला फोन करा, आत हवा सोडा, आरडाओरडा करून माणसे जमवा. पण उतरू नका. हे सांगताना मलाच जड जाते, ऐकताना तुम्हाला जाईलच. वाकडीत पहिल्यामागून उतरलेल्यांनी दोर बांधून घ्यायला क्षणभर थांबण्याइतका धीर धरला असता, तर त्या पाडव्याला गावात कदाचित एकच घर सुतकात बसले असते.

कार्बनच्या नळीवर सोन्याचा कण बसवून माणूस नाक तयार करतो आहे. ते आपल्या गोठ्यापर्यंत कधी ना कधी येईल. तोवर तुमच्या घरात एक चांगला सेन्सर आहेच. वास गेला तरी ज्याने दंड सोडला नाही, तो. यजमानांना म्हणावे, त्याचे ऐकत जा.